तोंडावरचे वांग, गळणारे केस

शेतात राबणाऱ्या बाईला आरसा पाहायला सवड नसते असे म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. सवड नसली तरी ती पाहते. गालावर तपकिरी डाग उमटला, फणीत केसांचा पुंजका येऊ लागला, मानेची घडी काळी पडली, की तिच्या मनात पाल चुकचुकते. नवऱ्याला सांगायची लाज वाटते, सासूबाईंना सांगायची भीती वाटते. शेवटी जावेला किंवा शेजारणीला सांगते, आणि शेजारीण तिला एका मलमाचे नाव सांगते.

शेतकरी भगिनींनो, तुरीचे पान पिवळे पडले तर आपण पानाला हिरवा रंग फासत नाही. बुंधा उकरून मर लागली आहे का ते पाहतो, पाणी साचले आहे का ते पाहतो. कातडी आणि केस यांचेही तसेच आहे. वर जे दिसते त्याचे मूळ कधी उन्हात असते, कधी रक्तात, कधी गळ्यातल्या ग्रंथीत, आणि अलीकडे पुष्कळदा त्या शेजारणीच्या मलमातच असते.

आधी वांग घेऊ, कारण ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा पसरते. दुखत नाही, खाजत नाही. याला काही जणी पोटातली उष्णता म्हणतात, काही जणी लिव्हरचा दोष म्हणतात. खरे पाहता कातडीतला रंग तयार करणाऱ्या पेशी गरोदरपणी शरीरात होणाऱ्या बदलांनी चेततात आणि ऊन त्यांना आणखी चेतवते. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणींनाही हे होते. बाळंतपणानंतर डाग बरेचदा फिके पडतात, पण आपल्या बीदर-कलबुर्गीकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि बाई सकाळी नऊपासून उघड्या रानात असते, मग ते पुरते जाणार कसे? बारा ते तीनच्या उन्हात वाकून करण्याचे काम टाळता आले तर टाळावे. न टाळता आले तर पदर कपाळाच्या पुढे यावा, किंवा त्यावर रुंद काठाची टोपी घालावी. टोपी घातलेल्या बाईला चार जणी हसतील, आठ दिवसांनी त्याही घालतील. सनस्क्रीन परवडत असेल तर जरूर लावावे. मात्र घामाने ते धुऊन जाते, म्हणून शेतात दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. वांग हा जिवाला घातक रोग नव्हे आणि दुसऱ्याला लागणाराही नव्हे, एवढे मनात पक्के असावे.

घातक आहे ते त्यावर लावले जाणारे मलम. औषधाच्या दुकानात 'डागावर काहीतरी द्या' म्हटले की हाती येणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे स्टिरॉईड असते. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून बाई खूश होते आणि नणंदेलाही एक ट्यूब आणून देते. तीन-चार महिन्यांत कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, कल्ल्याजवळ लव वाढते. थोड्या उन्हानेही चेहरा पोळतो. मलम बंद केले की लाली आणि आग दुप्पट होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. तंबाखूचे व्यसन आपल्याला कळते; हे मलमाचे व्यसन कळत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने कातडीला लावायची अनेक स्टिरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला तरी दुकानातली देवघेव कशी चालते हे आपण पाहतोच. जी भगिनी असे मलम महिनोन् महिने लावत आली आहे, तिने या लेखाच्या भरात ते आजच फेकून देऊ नये. ते कसे उतरवत आणायचे हे डॉक्टरांना विचारून करावे.

नायट्यावर हेच मलम लावले तर आणखी वाईट होते. खाज दोन दिवस थांबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते. कमरेवरचा रुपयाएवढा नायटा पाठभर पसरतो आणि घरातल्या लेकरांनाही होतो.

गोरेपणाच्या मलमांचा एक निराळा धोका पाऱ्याचा आहे. अकोल्याच्या एका कुटुंबातील आई आणि दोन मुली अशा तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेता त्यांनी वापरलेल्या उजळपणाच्या मलमात पारा बेसुमार आढळला. ही हकिगत २०२३ साली वर्तमानपत्रांतून आली होती. पारा कातडीचा रंग खरोखर मारतो, पण तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि आतील पदार्थांची यादी नाही, ती डबी बाजारात कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

आता मानेकडे येऊ. पुष्कळ आया आपल्या मुलीची मान आंघोळीच्या वेळी दगडाने घासताना दिसतात. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत कातडी काळी, जाड आणि मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन आपले काम नीट करीनासे झाले की कातडी तेथे अशी जाड होते. घासून ती अधिक काळी पडते. अशा मुलीचे वजन वाढलेले असेल, घरात कोणाला मधुमेह असेल, तर तिची रक्तातील साखर तपासावी. त्याच मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबत असेल आणि हनुवटीवर राठ केस, तोंडावर मुरुमे येत असतील, तर तो अंडकोशाचा विकार असू शकतो; त्यालाच लोक पीसीओडी म्हणतात. लग्न झाले की सगळे सुरळीत होईल, असे म्हणून दिवस काढू नयेत. वजन थोडे उतरले तरी पाळी सुधारते असा अनुभव आहे. हनुवटीवरचे दोन-चार केस मात्र कोणालाही येतात, त्याची चिंता नको. अचानक भराभर केस वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर लगेच मोठ्या दवाखान्यात जावे.

केस गळण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या एका तक्रारीवर घरातला जेवढा पैसा तेलात जातो तेवढा दुसऱ्या कशावर जात नसेल. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचे लक्षण आहे. केसाचे आयुष्य ठरलेले असते. तो काही वर्षे वाढतो, दोन-तीन महिने विसावतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. शरीराला मोठा धक्का बसला की एकाच वेळी पुष्कळ केस वाढ थांबवून विसाव्याला जातात, आणि तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. बाळंतपण हा असा धक्का आहे. टायफॉईड, डेंग्यू, मोठे ऑपरेशन, घरातल्या माणसाचा मृत्यू हेही तसेच. मध्ये तीन महिने गेलेले असतात, म्हणून बाईला त्या तापाची आठवणही राहत नाही आणि दोष साबणाला दिला जातो. असे गळलेले केस सहा-आठ महिन्यांत बहुधा परत येतात. बाळंतिणीने एवढे ऐकले तरी तिचा निम्मा घोर जातो.

चिकुनगुन्याची तर आपल्या भागाला चांगली ओळख आहे. २००६ सालच्या मोठ्या साथीत गुलबर्गा व बीदर जिल्ह्यांची गावेच्या गावे अंथरुणाला खिळली होती. त्या तापानंतर सांधे धरतात हे सर्वांना ठाऊक आहे. नाकाच्या शेंड्यावर आणि गालांवर काळसर ठिपके उमटतात हे फारसे ठाऊक नाही. ते ठिपके काही महिन्यांत विरतात. त्यावरही मलम लावण्याची गरज नसते.

पण केस वर्षभर गळतच असतील, भांग रुंद होत असेल, तर रक्त पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त, रक्तक्षयी आढळल्या. खालची पापणी ओढून पाहावी, तळहात पाहावा. फिके असतील तर केसांच्या आधी रक्ताची काळजी घ्यावी. नखे मध्ये दबून चमच्यासारखी होणे, ओठाचे कोपरे चिरणे, जिना चढताना धाप लागणे ही त्याचीच लक्षणे. अंबाडीची भाजी, हरभऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, बाजरी, तुरीचे वरण आणि अळीव हे सारे आपल्या रानात किंवा आठवडी बाजारात आहे. जेवणात लिंबू पिळले तर लोह अधिक अंगी लागते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर ते वाया जाते. ही चहाची सवय सोडणे अंबाडी पिकवण्याहून कठीण आहे हे आम्हालाही माहीत आहे, तरी तास-दीड तासाचे अंतर ठेवून पाहावे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते, कधी मळमळते. म्हणून पुष्कळ गोळ्या फडताळातच राहतात. काळे होणे हे वाईट लक्षण नव्हे. महिन्यात फार अंगावर जात असेल तर मात्र नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, त्याचे कारण शोधावे लागते.

केसांबरोबर कातडीही कोरडी पडली, भुवईचा बाहेरचा भाग विरळ झाला, अंग जड वाटते, थंडी सोसत नाही, शौचास साफ होत नाही, अशा वेळी गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा विचार करावा. टी.एस.एच. नावाची एक साधी रक्ततपासणी असते. दोष निघाला तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते, ती बहुधा जन्मभर. पण त्या एका गोळीने बाई पुन्हा माणसात येते.

जास्वंदाचे तेल, माक्याचे तेल लावायला आमची हरकत नाही. केस मऊ राहतात, लेकीच्या डोक्यावरून आईचा हात फिरतो. रक्त वाढवण्याचे काम मात्र तेल करीत नाही.

सगळ्याच गळतीला असे घरगुती कारण नसते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या आसपासच्या गावांत माणसांचे केस चार दिवसांत हातात येऊ लागले. अठरा गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला, त्यात तरुण मुली पुष्कळ होत्या. एखादी मुलगी तीन दिवसांत बोडकी झाल्यावर कॉलेजात कशी जाणार? आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. विंचूदंशावरील कामामुळे सर्वांना माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील लोकांचे रक्त, केस आणि खाण्यातला गहू तपासून घेतला. रेशनच्या त्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात असल्याचे त्यांनी दाखवले. अगदी थोडे सेलेनियम शरीराला लागते, जास्त झाले की केस जातात. पुढे काही जणांची नखेही गळाली. पुष्कळांचे केस नंतर पुन्हा उगवले. गावात एकाच आठवड्यात पाच-सहा घरांतून केस गळू लागले, तर शांपू बदलत बसू नये. आरोग्य केंद्रात कळवावे आणि घरातले धान्य व पाणी यांचा नमुना राखून ठेवावा.

कमरेविषयी बोलायला बायका लाजतात, म्हणून ते येथे लिहितो. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधली की तेथे काळा पट्टा पडतो, कातडी खरबरीत होते, घामाने खाज सुटते. बहुतेकींच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच थांबते. क्वचित तेथे जखम होते आणि ती भरत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद १९४५ सालीच केली होती. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. दोघींना कमरेच्या न भरणाऱ्या जखमेतून कर्करोग झाला होता. त्यांतली एक चाळीस वर्षे लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत होती. भ्यायचे कारण नाही, असे फार थोड्यांना होते. नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, गाठीची जागा बदलत राहावी, आणि कमरेवरची जखम महिन्याभरात भरली नाही तर ती डॉक्टरांना दाखवावी.

शेतातल्या कामाची आणखी एक देणगी म्हणजे गाजर गवताची खाज. हे काँग्रेस गवत पुण्याकडे १९५०च्या दशकात प्रथम दिसले आणि आता बांध, पडीक रान, रस्त्याची कड असे सारे त्याने व्यापले आहे. एखाद्या बाईने ते वर्षानुवर्षे उपटले तरी काही होत नाही, आणि एका पावसाळ्यात अचानक तिच्या पापण्या सुजतात, मानेच्या दोन्ही बाजू आणि कोपराच्या खोबणी लाल होऊन खाजतात. एकदा शरीराने त्याचा राग धरला की तो जात नाही. मग नुसत्या वाऱ्याने उडणाऱ्या कणांनीही पुरळ उठते. म्हणून ज्या घरात असा त्रास आहे तेथे हे गवत उपटण्याचे काम दुसऱ्याने करावे. फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढावे. जाळू नये. त्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला, तो पावसाळ्यात पाने खाऊन फस्त करतो. गवतावर हे पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर त्यांच्यावर औषध मारू नये.

पांढऱ्या डागांची भीती सर्वांत मोठी, कारण त्यात लग्नाचा प्रश्न येतो. छातीवर, पाठीवर बारीक कोंडा पडणारे फिके ठिपके म्हणजे शिबे, ती घामात वाढणारी बुरशी. कोड हे दुधासारखे पांढरे असते, त्या जागी स्पर्श नेहमीसारखाच कळतो. ते कोणाला लागत नाही, आणि मासे खाऊन दूध प्याल्याने होत नाही. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनामुळे नेमक्या टिकलीच्या जागी, रबरी चपलेमुळे नेमक्या पट्ट्याखाली पांढरा डाग पडतो. तसे दिसू लागताच ती वस्तू सोडावी.

याहून निराळा तो बधिर चट्टा. फिका किंवा तांबूस असतो, खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही, लव झडते. डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक फिरवले तर कळत नाही. न खाजणारा डाग म्हणून बाई तो दोन-दोन वर्षे पदराखाली ठेवते. मग भाकरी करताना तव्याचा चटका बसलेला कळत नाही, करंगळी वाकू लागते. हा कुष्ठरोग असू शकतो. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांतला महारोग आपल्या कानावर आहे, म्हणून हे नाव ऐकताच आपला थरकाप होतो. पण तेथे तोच शब्द वस्त्रावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांनाही लावला आहे. तो म्हणजे केवळ आजचा हा जंतूचा रोग नव्हे, असे अभ्यासक मानतात. हा रोग आनुवंशिक नाही. बहुतेक माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते; सहा महिने, रोग जास्त असेल तर बारा महिने. औषध सुरू झाले की रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका लवकरच उरत नाही. गरोदर बाईलाही ते चालते. त्यातल्या क्लोफॅझिमीन नावाच्या औषधाने अंग तांबूस-काळे पडते, त्यामुळे बायका घाबरून गोळ्या मध्येच सोडतात. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग मूळपदावर येऊ लागतो, हे आधीच सांगितलेले बरे. नवऱ्याने टाकले तर, ही भीतीही खरी आहे. म्हणून हे माहीत असावे की २०१९ सालच्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही, आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यातूनही ते काढून टाकले आहे.

दाखवायला जायचे ते आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. पुढे गरज पडली तर बीदरच्या किंवा कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. चेहऱ्याला पावडर न लावता जावे. आजवर लावलेल्या साऱ्या ट्यूबा, डब्या, तेलाच्या बाटल्या एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात, अर्ध्या रिकाम्या असल्या तरी.